काळा चुरा

माझ्या स्पीकरना कोणीतरी हात लावला होता. कोणी लावला असेल तेही मला ठाऊक होतं. फक्त हाताशी पुरावा नव्हता.

स्पीकर म्हणजे दोन लाकडी पेट्या, कमरेएवढ्या उंच. मी सुतार. फर्निचरच्या कारखान्यात आयुष्य गेलं. या पेट्या मात्र मी घरी केल्या, लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. आतला माल माझ्या मित्राने निवडून दिला. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे सगळे त्याला रेडिओवालाच म्हणतात. लाकूड माझं आणि कान त्याचे, असं आम्ही तेव्हा म्हणायचो. पेट्या कुठे ठेवायच्या तेही त्यानेच ठरवलं. मी जमिनीवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि त्या खुणांवरून पेट्या पुन्हा कधी हलल्या नाहीत. झाडू मारताना आमची ही सुद्धा त्यांच्या भोवतीने मारायची.

ही गेली आणि मग बरेच दिवस मी रेकॉर्ड लावली नाही. लावायची तर कोणासाठी, असं वाटायचं. एका संध्याकाळी घर फारच गप्प झालं म्हणून लावली. आमची नेहमीचीच. एक बाई गाते आणि मागे माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं तंतुवाद्य आहे, बाकी काही नाही. त्या वाद्याचा खालचा सूर आला आणि मी दचकलो. सूर म्हणावा असं त्यात काही नव्हतं. ढुम्म, आणि मग ते ढुम्म संपेचना. पावसाळ्यात दरवाजा फुगतो आणि चौकटीत बसेनासा होतो, तसा बेस फुगला होता. बाईचा आवाज त्याच्या मागे कुठेतरी दबून गेला होता. शब्द कळत नव्हते.

मी आवाज कमी केला. ढुम्म तेवढंच राहिलं, बाई आणखी लांब गेली.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती त्या क्षणी.

याला कारण होतं. हिच्या शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यातच राहत होतो. मुलगी येऊन जाऊन असायची. घराची किल्ली जावयाकडे होती. घर बंद राहू नये म्हणून तो रात्री इथे झोपायला येत होता. आणि आमचा जावई काय करतो, तर गाड्यांमध्ये स्पीकर बसवतो. डिकीत ही एवढी पेटी, सीटखाली आणखी एक. त्याची स्वतःची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आमच्या कपाटातल्या बशा आधी सांगतात. मी त्याला दणका म्हणायचो. हिला ते आवडायचं नाही.

"जावयाला असं म्हणतात का?"

"तोंडावर कुठे म्हणतो?"

"तोंडावर नाही म्हणत, पण तोंड करता ना तसं."

तर असा माणूस माझ्या घरात एकटा, माझ्या पेट्यांबरोबर. त्याला वाटलं असणार, सासऱ्याच्या पेट्यांत दम नाही, जरा सुधारून ठेवू. किंवा आतला माल काढून दुसरा घातला असेल. जुना माल हल्ली मिळत नाही, रेडिओवाल्यानेच मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला लागलो. आधी खुणा बघितल्या. पेट्या रेषेला रेष जागेवर होत्या. अँप्लिफायरची बटणं बघितली, बेसचं बटण बरोबर मधे. तारा तपासल्या. मग पेट्या आडव्या करून मोठे कोन, म्हणजे आवाज काढणारे कागदी पडदे, खोलले. चुंबकावर रेडिओवाल्याने रंगाने मारलेली फुली तशीच होती. आत फळीवर माझी सही होती, तरुणपणी केलेली, शेपटीवाली. आतली लोकर जागच्या जागी.

म्हणजे काहीही झालेलं नव्हतं. हेच मला खटकलं. कारखान्यात लाकूड चोरीला जायचं तेव्हा गठ्ठे असेच नीट रचलेले सापडायचे.

पेट्या उभ्या करताना माझा हात मागच्या भोकावर पडला. प्रत्येक पेटीच्या मागे तळहाताएवढं गोल भोक आहे आणि त्यातून आत नळी जाते. हवा तिथून आत-बाहेर होते आणि खालच्या सुरांना जोर मिळतो. मी नळीत बोटं घातली. बोटांना काहीतरी भुरभुरीत लागलं. उजेडात आणून बघितलं, तर काळा चुरा. बारीक, हलका, दाबला की पुन्हा फुगणारा. फोम. दुसऱ्या पेटीतही तसाच.

काळा फोम आमच्या घरात कशातच नव्हता. गाडीच्या सीटमध्ये असतो.

चुरा मी रिकाम्या काडेपेटीत भरला आणि काडेपेटी खिशात ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. येताना पॅसेजचं दार वाऱ्याने ओढलं गेलं, पण आपटलं नाही. दार आणि भिंत यांच्या मधे हिने एक गोल गठ्ठा ठेवला होता, माझ्याच जुन्या सदऱ्याचं निळं चौकड्याचं कापड घालून शिवलेला. त्या दारासाठी मी लाकडी गुटका करून देणार होतो. सुताराच्या घरातली कामं राहूनच जातात.

मग मुलीला फोन लावला.

"तुझ्या नवऱ्याने माझ्या पेट्या उघडल्या होत्या का?"

"बाबा, जेवलात का?"

"विषय बदलू नकोस. आवाज बिघडलाय. बेस फुगलाय. आणि भोकांत काळा फोम सापडलाय मला. मी टाकलेला नाही."

"मग त्यानेच टाकला, असंच ना?"

"मी तसं म्हटलं का?"

"तुम्ही कधीच म्हणत नाही. तोंड करता." हे शब्द तिने आईकडून घेतले होते. "ऐका, रविवारी आम्ही येतोय. त्याला तोंडावर विचारा. पण आधी नीट खात्री करा. आई आजारी होती तेव्हा तो कामावरून थेट तुमच्याकडे यायचा, झाडांना पाणी घालायचा, तुमचे कपडे धुऊन दवाखान्यात आणायचा. त्याच्यावर चोरीचा आळ घेतलात आणि तो खोटा निघाला, तर मी त्याला पुन्हा त्या घरात ये असं सांगणार नाही. आणि त्याला सोडून मी एकटी येणार नाही."

"म्हणजे मला धमकी."

"धमकी नाही. मी दमलेय, बाबा." आणि तिने फोन ठेवला.

मला ही एकच मुलगी. हिच्यामागे रविवारी दुपारी दार वाजवणारं दुसरं कोणी नाही. पण गप्प बसायचं तर तेही जमेना. ज्या घरात आपल्या वस्तूंवर आपला भरवसा उरत नाही, तिथे माणूस राहतो कसा? रोज संध्याकाळी मी रेकॉर्ड लावायचो, रोज ते ढुम्म यायचं, आणि रोज मी खिशातली काडेपेटी चाचपायचो.

शनिवारी दुपारी रेडिओवाल्याला बोलावलं. खात्री करायची तर त्याच्या कानांनीच करू म्हटलं.

तो आला, चपला काढल्या, पेट्यांकडे बघून मान हलवली. "अजून उभ्या आहेत की, मिस्त्री. आपल्यापेक्षा बऱ्या."

"ऐक आधी, मग बोल."

मी ती रेकॉर्ड लावली. तो माझ्या खुर्चीत बसला. माझी खुर्ची खोलीच्या साधारण मधोमध आहे, त्यानेच तेव्हा जागा ठरवून दिलेली. मी भिंतीकडच्या खुर्चीत बसलो. ती हिची. ही घरी शिवणाचं काम करायची, कपडे उसवणं, टिपा मारणं, बटणं. मागच्या भिंतीला खिडकी आहे म्हणून तिची खुर्ची भिंतीला टेकून, उजेडात. खिडकीच्या कट्ट्यावर तिची कात्री, दोऱ्याची रिळं आणि सुया टोचायची गोल उशी अजून तशीच आहेत. ही गेल्यापासून मी तिथेच बसतो. माझ्या खुर्चीत बसलं की मान जरा वळली तरी तिची रिकामी खुर्ची दिसते. तिच्या खुर्चीत बसलं की दिसत नाही.

रेडिओवाल्याने डोळे मिटून सगळी बाजू ऐकली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. प्रत्येक ढुम्मला माझ्या मांड्या हादरत होत्या आणि त्याच्या कपाळावर एक आठी नव्हती.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"काय झालेलं नाही?"

"आवाजाला. होता तसाच आहे. सुरेख आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. जावई तारा कुठून घेतो? याच्या दुकानातून. महिन्याला पोत्याने नेतो. हे आत्तापर्यंत माझ्या कसं लक्षात आलं नव्हतं, याचंच मला नवल वाटलं.

"गिऱ्हाईक सांभाळतोयस," मी म्हणालो.

"कोणाचं?"

"माझ्या जावयाचं. दोघं मिळून मला वेड्यात काढताय."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. "मिस्त्री, तुला आवाज बिघडलेला ऐकू येतोय?"

"बहिरा नाही मी."

"कुठे बसून?"

"इथेच. रोज इथेच बसतो."

तो उठला, रेकॉर्ड पुन्हा लावली आणि माझ्याजवळ आला. मी उठून खुर्ची द्यायला लागलो तर त्याने हाताने नको म्हटलं. हिच्या खुर्चीत तो बसला नाही. तिच्या बाजूला वाकून त्याने माझ्या डोक्याशी डोकं आणलं. पहिला खालचा सूर आला आणि त्याने तोंड वाकडं केलं.

"इथे आहे," तो म्हणाला. "बाप रे. इथे तर नुसता नगारा आहे."

"बघ. म्हणजे बिघडलाय."

"पेटी नाही बिघडली. तू जागा बदललीस. पाण्याची बादली घेऊन चालतोस तेव्हा पाणी उसळतं कुठे? कडेला. मधे शांत असतं. खोलीतला बेस तसाच असतो, भिंतीशी जाऊन साठतो. म्हणून तर मी तुला मधे बसवलं होतं. जा, बस तुझ्या खुर्चीत."

मी गेलो. मान वळवायची नाही असं ठरवून बसलो. आणि आवाज होता तसाच होता. बाई समोर उभी राहून गात होती, तिचा एकेक शब्द वेगळा, आणि मागचं ते मोठं वाद्य जिथे थांबायला हवं तिथे थांबत होतं.

बाजू संपली तरी मी उठलो नाही. रेडिओवाल्याला वाटलं असेल मी खजील झालो. मी वेगळाच विचार करत होतो. त्या खुर्चीत ही इतकी वर्षं बसली. म्हणजे ते ढुम्म ही इतकी वर्षं ऐकत होती.

आणि ऐकत तरी कुठे होती? मी रेकॉर्ड लावली की ही थोडा वेळ बसायची, मग काहीतरी निमित्त काढून उठायची. शेंगा सोलायच्या आहेत, दूध बघायचंय. सुपात काहीतरी घेऊन पॅसेजमध्ये स्टुलावर जाऊन बसायची. मला ते लागायचं. पेट्या मी हाताने केल्या, आणि घरातलं माणूस पाठ फिरवून जातं. हिला माझं गाणं सहन होत नाही आणि बोलत मात्र नाही, हा संशय मी संसारभर बाळगला. एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली, "आवडतं की. कामं कोण करणार?" माझा विश्वास बसला नव्हता.

"तिने मला एकदाही सांगितलं नाही," मी म्हणालो.

"काय सांगितलं नाही?"

मी खिशातून काडेपेटी काढून त्याच्या हातात ठेवली. "हे भोकांत सापडलं."

त्याने चुरा चिमटीत धरला. "फोम आहे. बेस कमी करायला भोकात कोंबतात. कोणीतरी बोळे घातले होते आणि मग काढले."

"जावयाने."

"असेल. पण चोर काही घालून जात नाही, मिस्त्री. काढून नेतो."

तो गेला, पण माझं समाधान झालं नाही. उलट आता दुसरंच पाणी मुरताना दिसायला लागलं. बेस कमी करायची गरज कोणाला होती? मला नव्हती. जावयाला तर तो जितका जास्त तितका गोड. उरली ही. म्हणजे हिने माझ्या पेट्यांची तक्रार केली ती माझ्याकडे नाही, दणक्याकडे. माझ्या पाठीमागे दोघं माझ्या पेट्यांपाशी उभे राहिले असतील. हसलेही असतील. माल बदलला असता तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. हे माझ्याने गिळवेना.

रविवारी गाडी आली ती मुक्यानेच आली. बशा काही बोलल्या नाहीत. मुलीने घरी बजावून आणलं असावं. ती आत आली, पण खांद्यावरची पिशवी तिने काढली नाही. खुर्चीच्या काठावर बसली, कोणत्याही क्षणी उठता येईल अशी. जावई तिच्या मागे उभा होता. अंगाने हा एवढा माणूस, पण आमच्या घरात कुठे उभं राहावं हे त्याला कधी कळलं नाही.

मी टेबलावर काडेपेटी ठेवली आणि उघडली.

"जावईबापू, हे ओळखता का?"

त्याने वाकून बघितलं, आणि मग माझ्याकडे बघायचं सोडून मुलीकडे बघितलं. एवढं मला पुरेसं होतं.

"बाबा, सरळ विचारा," मुलगी म्हणाली.

"सरळच विचारतो. माझ्या पेट्यांत काय घातलं होतं, कोणाला विचारून घातलं होतं, आणि मला न सांगता का काढलं?"

तो पुन्हा मुलीकडे बघायला लागला.

"उत्तर नाही."

"आहे," तो म्हणाला. "पण मी आईंना शब्द दिलाय."

मुलीने मान वळवली. हे तिलाही नवीन होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. "आई आता नाहीये. तुम्ही मूग गिळून बसलात तर मी उठते आणि आपण निघू. सांगा."

त्याने हात चोळले. त्याच्या बोटांना कायम काळं लागलेलं असतं. "मागच्या वर्षी तुम्ही कारखान्यातल्या कोणाच्या तरी लग्नाला दोन दिवस गेला होतात. आईंनी मला फोन करून बोलावलं. म्हणाल्या, जावईबापू, तुमच्या गाडीतला आवाज काही मला आवडत नाही, पण तुम्हाला यातलं कळतं. माझ्या खुर्चीत या पेट्यांचा आवाज ढुमढुम येतो, बाईचे शब्दच कळत नाहीत. ह्यांना न कळता काही करता येईल का?"

"ह्यांना न कळता," मी म्हणालो.

"म्हणाल्या, ह्यांनी त्या हाताने केल्यात. त्यांना कळलं आवाज मला नीट येत नाही, तर ते पेट्या फोडून पुन्हा करायला बसतील."

मुलगी हसणार होती, पण तिने आवरलं. ते खरंच होतं. मी बसलो असतो.

"मी म्हटलं खुर्ची हलवा. म्हणाल्या, उजेड इथे आहे, सुईत दोरा कुठे ओवू? पेट्या हलवाव्या तर खाली तुमच्या पेन्सिलीच्या खुणा. मग मी गाडीतून फोम आणला, दोन गोल बोळे कापले आणि मागच्या भोकांत बसवले. आईंनी रेकॉर्ड लावली. त्यांच्या खुर्चीत बसून सगळी बाजू ऐकली. खूश झाल्या. म्हणाल्या, अगं बाई, ही तर पत्राची वाट बघतेय, मला इतकी वर्षं वाटत होतं ती कोणावर तरी रागावलीये."

मी टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवत होतो. ती कडा मीच तासलेली.

"मग?"

"मग त्या उठून तुमच्या खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, तिथे कशाला? म्हणाल्या, थांबा. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. आणि म्हणाल्या, इथे आवाज कोरडा झाला. खालचा सूर गेलाच. ह्यांच्या लगेच लक्षात येईल आणि काय हरवलं ते शोधत बसतील. काढा ते."

"तू काढलेस?" मुलीने विचारलं. बाहेर ती त्याला अहो-जाहो करते, घरात अरे-तुरे. त्या वेळी ती विसरली कुठे आहोत ते.

"मी म्हटलं, आई, मग तुमचं काय? तर म्हणाल्या, माझं काय, मला पॅसेजमध्ये छान येतं. तिथे दाराशी बसलं की ढुमढुम येत नाही. मी तिथेच ऐकते."

मला एक गोष्ट आठवली. मी रेकॉर्ड लावली की दुसऱ्या दिवशी सकाळी ही ओट्याशी तीच चाल गुणगुणायची. मला वाटायचं रेडिओवर लागली असेल.

मी उठून पॅसेजमध्ये गेलो. स्टूल तिथेच होतं. बसून बघायची गरज नव्हती, तरी बसलो. तिथून दाराच्या फटीतून दोन्ही पेट्या नीट दिसत नाहीत. दिसते ती माझी खुर्ची.

"बोळे कुठे आहेत?" मी तिथूनच विचारलं. अजूनही मला ते बघायचे होते. सवय एकदम जात नाही.

जावई दारात आला. "एक तुमच्या पायाशीच आहे."

मी खाली बघितलं. दार आणि भिंत यांच्या मधला गठ्ठा. मी तो उचलून दाबला. निळ्या चौकड्याच्या आत तो दबला आणि पुन्हा फुगला.

"आई म्हणाल्या, टाकू नका, मला लागतील. ह्यांचा दाराचा गुटका काही या जन्मात होत नाही." एवढं बोलून तो घाबरला. "म्हणजे, त्या म्हणाल्या."

"त्याच म्हणाल्या असणार," मी म्हणालो. "दुसरा?"

त्याने खिडकीकडे हात केला. मी आत आलो. कट्ट्यावर सुया टोचायची उशी होती, त्याच सदऱ्याच्या कापडाची. मी रोज तिच्या शेजारी बसत होतो. तिच्यात बऱ्याच सुया होत्या, आणि एकीत पांढरा दोरा ओवलेला होता, गाठ मारलेली. पुढचं बटण लावायची तयारी.

मुलगी माझ्याकडे बघत होती. पिशवी अजून खांद्यावर. ती माझ्या तोंडून एक वाक्य ऐकायला थांबली होती, आणि मला तसली वाक्यं येत नाहीत. हिलाही मी कधी म्हणालो नव्हतो.

मी उशी होती तिथे ठेवली. "या सुया मी काढणार नाही," मी जावयाला म्हणालो. "आणि दारही आपटायला नको. मला दुसरे दोन बोळे कापून दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला तू म्हणालो होतो. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, सांगता येत नाही. मुलीच्या आलं.

त्याने विचारलं ते कामाचंच विचारलं. "कोणत्या खुर्चीसाठी, बाबा?"

"भिंतीकडच्या."

"मग तुमच्या खुर्चीत आवाज कोरडा येईल," मुलगी म्हणाली. "तिथे कोण बसणार?"

"तुझा नवरा बसेल. त्याला जरा कोरडं ऐकायची सवय व्हायला हवी."

"बघितलंत," ती नवऱ्याला म्हणाली, "झालं यांचं सुरू." पण तिने पिशवी उतरवून टेबलावर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.

तो गाडीतून फोमची लादी आणि सुरी घेऊन आला. मी माझी घडीची पट्टी काढली. पेटीमागे आम्ही दोघं गुडघ्यावर बसलो. त्याने टॉर्च धरला आणि मी नळीचं माप घेतलं. दोन्ही पेट्यांचं वेगळं घेतलं, कारण हाताने केलेल्या वस्तू अगदी सारख्या कधी होत नाहीत.

"आधी जरा मोठेच कापतो," तो म्हणाला. "मग तुम्ही तिथे बसून सांगा, मी थोडं थोडं कमी करत जाईन."

"लाकडाचंही तसंच असतं," मी म्हणालो, आणि जाऊन तिच्या खुर्चीत बसलो.